ऊन आवाज

घर दाखवायच्या आधी आमच्या घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला. "बाई, तुम्ही मिक्सर कधीं फिरवतां?"

बँकेच्या बदलीवर मी सांगलीहून थेट कुंभकोणमला येऊन पडले होते. लॉजमधल्या ढेकणांनी अंगाची चाळण केली होती, तमिळचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि हा गृहस्थ मला मिक्सरबद्दल विचारत होता. मी फणकाऱ्यानंच म्हटलं, "चटणी करायची असेल तेव्हा!"

"सरि," ते म्हणाले, "पण दिवे लागल्यावर नको. माझ्या पेटींत तुमची चटणी ऐकूं येते."

माणूस ठार वेडा आहे, हे मी तिथंच ठरवलं. पण तो ठार वेडा माणूस मराठी बोलत होता! मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडं आलेल्या घराण्यांपैकी त्यांचं एक. बाहेर जगाशी तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, असा त्या घराचा कायदा होता. मेलकावेरीतल्या त्यांच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या मी लगेच घेऊन टाकल्या आणि त्यांना मामा म्हणायला लागले.

पेटी म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर. मामा तरुणपणी घरातून निघाले ते मद्रासच्या हॉटेलांत आणि पुढं प्रवासी जहाजांवर गिटार वाजवत हिंडले. जॅझ वाजवायचे. ते 'जाझ' म्हणत. परत आले ते एक पोकळ पोटाची गिटार आणि काचेच्या व्हॉल्व्हची ही जुनी पेटी घेऊन. लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, दोघंच. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्का त्यांना 'अंबी' म्हणायची, म्हणजे धाकटा. सत्तरी ओलांडलेला, सुपारी चघळणारा, पांढऱ्या वेष्टीतला, म्हणजे तिकडच्या लुंगीवजा धोतरातला अंबी.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गिटार छेडायची प्लास्टिकची पट्टी आणि सुपारीचे तुकडे एकत्र असत. एकदा त्यांनी विड्यात ती पट्टीच घातली आणि बराच वेळ चावत बसले. वर सुपारीवाल्याला शिव्या! दिसेल त्या वस्तूवर बोटाच्या पेरानं टकटक करून बघायची त्यांना खोड होती. हंडा, फणस, दार, काही सुटायचं नाही. माझ्या नव्या कपाटावर टकटक करून म्हणाले, "सागवान म्हणून सांगितलें काय? खोटें बोलतें हें." माझ्या मराठीवरही त्यांची अशीच टकटक चालायची. मी 'मी ट्राय करते' म्हटलं की कपाळाला आठ्या. "तुमच्या मराठींत पाणी फार पडलें, बाई." आणि हे कोण सांगतंय, तर प्रत्येक वाक्यात 'बरं'ला 'सरि' नि 'उगाच'ला 'चुम्मा' असं तमिळ घालणारा माणूस! मी भांडायची. भांडण त्यांना मनापासून आवडायचं.

एकादशीला त्यांच्या मंडळींचं विठ्ठलाचं भजन असे. मामा तिथंही गिटार घेऊन जात. एकदा अभंगाच्या मागं त्यांनी असा काही तिरपा सूर लावला, की टाळ थांबले, मृदंग थांबला आणि म्हातारे बुवा नुसते बघत राहिले. मामा शांतपणे म्हणाले, "तुम्ही कां थांबलांत? तो थांबला नाहीं." आणि मूर्तीकडं बोट दाखवलं. त्यानंतर त्यांना गिटारशिवाय यायची परवानगी मिळाली. ते जात आणि मुकाट्यानं टाळ वाजवत.

मी राहायला गेले तेव्हा घरात एकच विषय चालू होता, स्पीकर. पेटीतल्या मूळच्या स्पीकरचा कागद कावेरीच्या दमटपणानं कुजला, कसरींनी उरलेला खाल्ला. दुरुस्तीला पेटी मद्रासला पाठवली तर तिथल्या माणसानं नवा कोरा स्पीकर ठोकून दिला. "आवाज बघा," मामा म्हणाले आणि एक तार छेडली. मला काय कळतंय! मला छानच वाटलं. स्वच्छ, खणखणीत.

"खणखणीतच तर!" मामा उसळले. "मला ऊन आवाज पाहिजे. ऊन!"

मी अंगणातल्या उन्हाकडं बघितलं. मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडची जुनी माणसं ऊन ऊन भात म्हणतात, तेच हे ऊन. चुलीवरून नुकत्या उतरलेल्या भातासारखा मऊ, वाफाळलेला आवाज त्यांना हवा होता. पूर्वी जाझवाल्यांच्या पेट्यांतून यायचा तसा.

हट्ट नुसत्या शौकापायी असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण दिवे लागले की मामा वाजवायचे आणि अक्का समोर झोपाळ्यावर बसून ऐकायची, हा त्या घरातला वर्षानुवर्षांचा नेम होता. अक्काचे कान चालले होते. एक पुरता गेला होता, दुसरा चालला होता. तंजावरच्या डॉक्टरनं तिला कानात घालायचं यंत्र दिलं आणि मामांना बाजूला घेऊन सांगितलं की हा कान फार दिवस साथ देणार नाही, जे ऐकवायचं ते आत्ताच ऐकवा. ते यंत्र आणि हा नवा स्पीकर, दोघांचं मिळून अक्काच्या कानात पत्रा कापल्यासारखं काहीतरी होई. ती दातओठ आवळून बसायची आणि थोड्या वेळानं "दूध उतूं जाईल" म्हणून आत जायची. आत दूध नसायचंच. मामांनाही ते माहीत होतं.

"तिला ऐकूं येतें तोंवर मला स्पीकर पाहिजे," ते मला म्हणाले. "मग तुम्ही पेटी कावेरींत टाका, मी विचारणार नाहीं."

मग मी कामाला लागले. रविवारी फोनवर इंग्रजी वाचून दाखवायची. हा बारा इंची, हा दहा इंची. ह्याचं चुंबक जुन्या तऱ्हेचं, त्याचं नव्या. हा वीस वॅटचा, हा साठचा. "वॅट कमी असूं दे," ते म्हणत. "मोठ्या वॅटचा स्पीकर हळू वाजवला तर झोंपतो. आणि ओम बघा, ओम जुळला पाहिजे!" मला वाटलं, हा काहीतरी पूजेचा भाग असणार. नंतर कळलं, ओहम. तो पेटीशी जुळला नाही तर पेटी जळते. प्रत्येक स्पीकरच्या वर्णनात 'वॉर्म' आणि 'व्हिंटेज' लिहिलेलं असायचंच. मी ते वाचलं की मामा भडकत. "सगळेच ऊन! मग गार कोण विकतो?" मी त्यांना स्पीकरच्या तुलनेचे व्हिडिओ लावून दिले, तर म्हणाले, "तुमच्या फोनच्या एवढ्याशा भोंकांतून बारा इंची स्पीकर बघायचा? लग्नाला मुलगी अशीच बघतात काय तुमच्या गांवीं?"

शेवटी मीच वैतागून म्हटलं, "मामा, एक मागवा नि मोकळे व्हा!"

एक मागवला. तो आला आणि मामांनी तो पिकत घातला! नव्या स्पीकरचा कागद कडक असतो, तो वाजून वाजून मऊ पडावा लागतो म्हणे. त्यांनी तो रेडिओला जोडला, तांदळाच्या कोठीत ठेवला, वर दोन गोधड्या टाकल्या आणि दिवसभर तमिळ बातम्या लावून ठेवल्या. बातम्या, शेतकऱ्यांचे कार्यक्रम, पुन्हा बातम्या. माझ्या पायाखालून सतत कोणीतरी तोंड दाबलेला माणूस बोलत असायचा. माझी आई चार दिवस राहायला आली होती, तिनं घाबरून विचारलं, "ह्यांनी खाली कुणाला कोंडलंय का गं?"

पिकलेला स्पीकर मामांनी पेटीत बसवला आणि दिवे लागल्यावर वाजवला. मी तेव्हा बँकेत होते, तिमाही अखेर होती. घरी आले तर मामा पायरीवर बसलेले, उतरलेल्या चेहऱ्यानं.

"अक्काला पसंत नाहीं. बेस पाहिजे म्हणते."

बेस म्हणजे खर्जाचा, घुमणारा आवाज, एवढं मलाही कळत होतं. तो स्पीकर परत गेला आणि भरपूर बेसचा दुसरा आला. तोही पिकला, बसला आणि वाजला. पहिल्याच सुराला मांडणीवरचे स्टीलचे पेले थरथरले. भिंतीवरची पाल खाली पडली. माझ्या खोलीतली खाट हलली, देवाशप्पथ! मी धावत खाली आले तर मामा आणखी चिंतेत. "अजून बेस पाहिजे म्हणते! दोनदां म्हणाली." दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि कपाटाएवढ्या खोक्याचं माप घेऊन गेला.

त्याच आठवड्यात मी पुरणपोळ्या केल्या. पुरण चुकलं, पोळ्या खालून करपल्या. तरी एक अक्काला नेऊन दिली. अक्कानं एक घास खाल्ला, माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "बेस. बेस, पोरी."

मी तिथंच उभी राहिले.

आमच्या सांगलीकडं अजून म्हणतात की. 'बेस झालं', 'लई बेस'. बेस म्हणजे झकास! त्यांच्या घरात तोच शब्द 'बेष' असा म्हणत, आणि पुढचे दोन दात पडल्यापासून अक्काच्या तोंडी त्याचा 'बेस' होई. बहिणीनं छान म्हटलं होतं आणि आयुष्यभर बॅंडात वाजवलेल्या भावाला त्यात खर्ज ऐकू आला होता. माझ्या मराठीत पाणी पडलं म्हणणारे मामा! मी हसत हसत, धावत जाऊन त्यांना गाठलं आणि सांगितलं. म्हटलं, बोलवा त्या सुताराला आणि घाला खोकं त्याच्याच डोक्यात.

मामा हसले नाहीत. जरा वेळ खिशातली सुपारी चाचपत राहिले.

"करपलेल्या पोळीला बेष म्हणाली?"

"हो."

"पाल पडली तेव्हां पण बेष म्हणाली," ते सावकाश म्हणाले.

दिवे लागल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं. अक्का झोपाळ्यावर बसली होती, कानात यंत्र होतं. मामांनी गिटार घेतली, पेटीची वायर जोडली, पण पेटी सुरू केलीच नाही. आणि वाजवू लागले. म्हणजे नुसतीच बोटं फिरवू लागले, तारांना न लागता. खोलीत रातकिड्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मामांची बोटं वर गेली, खाली आली, मान डोलली, डोळे मिटले. थांबले. अक्कानं मान हलवली.

"बेस, अंबी," ती म्हणाली. "बेस."

मला रडू आलं. उगाच कशाला लपवू! ही बाई किती दिवस काही न ऐकता, धाकट्याचं मन राखायला समोर बसून होती कोण जाणे. मामांनी गिटार खाली ठेवली, अक्काच्या हाताला धरून तिला जेवायला नेलं आणि तिच्या ताटात स्वतः वाढलं.

कोणी दुसरा असता तर त्यानं नाद सोडला असता. मी तेच म्हटलं, सकाळी भीत भीत म्हटलं. मामा गरम पाण्याच्या बंबासमोर बसून कापूस पिंजत होते.

"आतां तिला विचारायचें नाहीं," ते म्हणाले. "कां म्हटलें तर ती खोटें सांगते. आतां मीच अक्काचे कान घालून बघतों."

असं म्हणून त्यांनी दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले, वरून पंचा भिजवून डोक्याभोवती करकचून बांधला आणि म्हणाले, "बोला." मी बोलले. "अजून हळू बोला." मी हळू बोलले. माझा आवाज येतोय पण शब्द कळत नाहीत, इथपर्यंत त्यांनी पंच्याचे वेढे वाढवले. अक्काचं असंच होत होतं. मग त्या अवस्थेत त्यांनी आधीचा मद्रासवाला स्पीकर लावून बघितला. ऐकूच आला नाही. बेसवाला लावला. "पोटांत लागतो, कानांत नाहीं," म्हणाले. माणसाचं बोलणं जिथं असतं त्या मधल्या जागेचा आवाज त्यांना हवा होता आणि नवे स्पीकर नेमके ती जागा सोडून वरखाली ओरडत होते.

मग सुरू झाली ती जुन्या स्पीकरची शोधाशोध. मामा डोक्याला ओला पंचा गुंडाळून, मांडीवर गिटार नि पायाशी पेटी घेऊन रिक्षातून हिंडायला लागले. पापनाशमला रेडिओ दुरुस्तीचं एक जुनं दुकान होतं, तिथं गेले. तो म्हणाला, जुनं सगळं भंगारात दिलं. कुंभकोणमच्या बाजारात भांडीवाल्यांपर्यंत बातमी पोचली की म्हाताऱ्याची दाढ फार दुखतेय. एका बाईनं मला लवंगेचं तेल दिलं. मी ते घेतलं, काय सांगणार होते तिला!

शनिवारी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर तिरुप्पनंदाळला गेले. तिथं एक मैक-सेटवाला होता. देवळाच्या उत्सवांना, लग्नांना कर्णे आणि स्पीकर लावून देणारा. गोदामात कर्ण्यांचा डोंगर होता. मामांच्या पंच्याकडं बघून त्यानं तमिळमध्ये विचारलं, "ऐया, दाढ का?" मामांना ऐकूच आलं नाही. मी मोडक्या तमिळमध्ये सांगितलं की दाढ नाही, स्पीकर. त्यानं लगेच सगळ्यात मोठा कर्णा पुढं ओढला. "हा घ्या. इथं लावला तर पापनाशमपर्यंत जाईल!"

तो काय म्हणाला ते मी मामांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"पापनाशम नको," मामा तमिळमध्ये म्हणाले. "माझ्या खुर्चीपासून झोपाळ्यापर्यंत गेला पाहिजे."

मैक-सेटवाला बघतच राहिला. मामांचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. ते सवयीनं टकटक करत गोदामभर फिरत होते. कोपऱ्यात एक लाकडी कपाट होतं, त्यावर मैक-सेटवाल्याचा टीव्ही ठेवलेला. मामांनी कपाटावर टकटक केली आणि पंच्यातूनही त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण ते गुडघ्यांवर बसले. तो जुना रेडिओग्राम होता, रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच लाकडी कपाटात असलेला. पुढच्या जाळीमागं हात घालून त्यांनी स्पीकर चाचपला. वर्षानुवर्षं गाणी वाजवून मऊ पडलेला कागद, जुन्या तऱ्हेचं जाड चुंबक. "ओम बघा, बाई!" मी फोनचा उजेड पाडून मागचे पुसट आकडे वाचले. जुळत होता.

वायर जोडून त्यांनी एकच तार छेडली. मला सांगता येणार नाही नीट. आवाज मोठा नव्हता, फार घुमला नाही, टोचला नाही. पण त्या धुळीच्या गोदामात कोणीतरी शेजारी येऊन बसावं तसं वाटलं. मामा डोक्याला पंचा बांधलेले तसेच खाली बसून तीच तार पुन्हा पुन्हा छेडत होते. मैक-सेटवाला म्हणाला, स्पीकर न्या, पण कपाट मिळणार नाही, टीव्ही कशावर ठेवू? मामांनी त्याचे दोन्ही हात धरले.

ह्या वेळी पिकत घालायची गरज नव्हती. संध्याकाळपर्यंत स्पीकर पेटीत बसला. मामांनी पेटी एका स्टुलावर, अक्काच्या चांगल्या कानाच्या बाजूला ठेवली आणि तिच्या कानातलं यंत्र काढून घेतलं. ती रागावली. "मग कसें ऐकूं?" मामांनी खुणेनं सांगितलं, बस. माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही वर जा, बाई. तुम्ही असलांत तर ती जास्त चांगली वागते."

मी जिन्यात जाऊन बसले. पुढं जाववत नव्हतं. ह्यानंतर शोधायला काही उरलं नव्हतं, आणि दिवसही उरले नव्हते, हे मला ठाऊक होतं.

मामांनी अक्काच्या आवडीची एक जुनी, संथ चाल धरली. हॉटेलात रात्री शेवटची वाजवायचे ती. मला वाटतं, नेहमीपेक्षा सावकाश वाजवली. संपली. मी कान टवकारून 'बेस' ऐकायची वाट बघत होते. अक्का काही बोलली नाही. झोपाळ्याची कडी वाजायची थांबली होती. मला वाटलं, संपलं सगळं.

मग अक्काचा आवाज आला, चांगला चढा, तक्रारीचा.

"अंबी, काय म्हणून असें वाजवतोस? मधें त्या उतारावर एक सूर गिळलास! आधीं असा नव्हतास तूं. नीट वाजव पाहूं परत."

खाली काहीतरी आपटलं, बहुतेक खुर्ची. आणि मामा धडपडत जिन्याच्या तोंडाशी आले. वेष्टी अर्धी सुटलेली, गिटार गळ्यात, डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि वर तोंड करून अख्ख्या मेलकावेरीला ऐकू जाईल असे ओरडत होते,

"बाई, चुकलों! ऐकलेंत काय? मी चुकलों!"